दुसरे घर परवडते म्हणजे नेमके काय? (नेरळ, मुरबाड की गाव)

उपवनकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षे आमच्या घरात एकच विषय वरचेवर निघतो आहे. आता निर्णय अगदी जवळ आला असल्यामुळे येथील जाणकारांचे मत घ्यावे, असे वाटले. आम्ही ठाण्यात उपवन परिसरात राहतो. मी ४७ वर्षांचा आहे, पत्नीही नोकरी करते, मुलगा यंदा अकरावीत जाईल आणि आई आमच्याजवळ असते. दोघांचे मिळून महिना १ लाख ८५ हजार रुपये हातात येतात. राहत्या घराचा हप्ता ३८ हजारांचा आहे आणि तो अजून सहा वर्षे चालणार आहे. मुलाच्या शिक्षणाची तरतूद वेगळी ठेवून आमच्याजवळ १५ लाख रुपये शिल्लक आहेत.

इच्छा फार मोठी नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या रोजच्या खोळंब्यातून सुटून शनिवारी दुपारी कुठेतरी पोहोचावे, ओटीवर बसून पाऊस पाहावा, आईला मातीत हात घालायला मिळावा आणि सोमवारी पहाटेच्या लोकलने परत कामावर यावे, एवढीच ती आहे.

दोन पर्याय पाहिले आहेत. पहिला नेरळ स्थानकापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर असलेल्या संकुलातील एक बेडरूमची सदनिका. किंमत ४५ लाख, इमारत पूर्ण झालेली आहे आणि ओसी (राहण्यास परवानगी देणारे भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेली आहे. ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता २९,५४२ रुपये येतो. दुसरा पर्याय मुरबाडच्या पुढे टोकावड्याकडे पाच गुंठ्यांचा ‘फार्महाऊस प्लॉट’. त्याची किंमत १४ लाख असल्यामुळे कर्ज काढावे लागत नाही, आणि घर पुढे सवडीने बांधता येईल असे विकणाऱ्याचे म्हणणे आहे.

कागदावर दोन्ही हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत बसतात. तरीही सही करायला हात उचलत नाही. ज्यांनी असे घर घेतले, टिकवले किंवा विकले, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

कोपरीकर

माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, त्यामुळे आधी आकड्यांविषयी लिहितो.

तुमचा पहिला हिशेबच थोडा कमी पडतो आहे. ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते, परंतु मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क त्या किमतीत धरले जात नाही. ते खिशातून भरावे लागते. नोंदणी शुल्क १ टक्का आणि जास्तीत जास्त ३० हजार रुपये असते. मुद्रांक शुल्क, वकील आणि किरकोळ खर्च धरून तीन लाख बाजूला ठेवा. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ओसी मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असते, तर याच किमतीच्या आसपास १ किंवा ५ टक्के जीएसटी भरावा लागला असता. पलंग, पंखे, शेगडी, गिझर, इन्व्हर्टर यांचे आणखी दोन-तीन लाख होतात. म्हणजे हातात १५ नव्हे, २१ लाख हवेत.

आता दरवर्षीचा खर्च पाहू. हप्त्यांचे वर्षाला साडेतीन लाख होतात. संकुलाची वर्गणी, ग्रामपंचायतीची घरपट्टी, वीज, साफसफाई आणि पावसाळ्यानंतरची डागडुजी मिळून मी ८४ हजार धरतो, म्हणजे एकूण सुमारे ४ लाख ३८ हजार. येथे कोणी म्हणेल की हप्त्यातले मुद्दल म्हणजे आपलीच बचत आहे, ती खर्चात का धरायची? ते म्हणणे बरोबर आहे, म्हणून मुद्दल वजा करून पाहू. पहिल्या वर्षी व्याज सुमारे २ लाख ५१ हजार जाते. पण तुमचे स्वतःचे १५ लाख मुदत ठेवीत ७ टक्क्यांनी राहिले असते, तर १ लाख ५ हजार मिळाले असते, तेही सोडावे लागतात. त्यात ८४ हजार मिळवले की बेरीज ४ लाख ४० हजार होते. दोन्ही वाटांनी आकडा एकाच ठिकाणी येतो. पुढील वर्षांत व्याज उतरत जाईल, पण डागडुजी चढत जाईल.

प्राप्तिकराचे मृगजळही आधीच दूर करतो. स्वतःच्या वापरातील दोन घरांवर आता काल्पनिक भाड्याचा कर लागत नाही, ही सोय खरी आहे. मात्र जुन्या करपद्धतीतसुद्धा व्याजाची वजावट दोन्ही घरे मिळून वर्षाला २ लाखांपर्यंतच मिळते. तुमच्या पहिल्या कर्जाचे व्याजच अंदाजे पावणेदोन लाखांच्या आसपास असेल, म्हणजे नव्या घराच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. नव्या करपद्धतीत स्वतः राहण्याच्या घरावरील व्याजाची वजावट मुळीच मिळत नाही.

सीवूड्स_निवासी

तुमच्या वर्णनातल्या घरासारखेच घर आमचे होते, याच पट्ट्यात, म्हणून विस्ताराने लिहितो. आम्ही ते २०१४ मध्ये घेतले आणि २०१९ च्या अखेरीस विकले.

पत्नीला रोजनिशी लिहिण्याची सवय आहे. तिच्या वहीत आम्ही तेथे मुक्काम केलेल्या रात्रींची नोंद होती. पहिल्या वर्षी ४१, दुसऱ्या वर्षी ३३, तिसऱ्या वर्षी १९, मग ११, मग १२ आणि शेवटच्या वर्षी ७. सहा वर्षांत १२३ रात्री झाल्या. यात कोणाचा कंटाळा नव्हता की भांडण नव्हते. मुलीची दहावी आली, सासऱ्यांची शस्त्रक्रिया झाली, माझी शनिवारची सुट्टी गेली आणि नातेवाइकांची लग्ने तर शनिवार-रविवारीच असतात. कोपरीकरांनी काढलेला ४ लाख ४० हजारांचा आकडा ४१ रात्रींवर पसरवला, तर एका रात्रीला पावणेअकरा हजार पडतात. ११ रात्रींवर पसरवला, तर चाळीस हजार पडतात. घर तेच, हप्ता तोच, फक्त तुमच्या आयुष्यातले शनिवार कमी झालेले असतात. म्हणून उत्पन्नाच्या आधी शनिवार मोजावेत, असे मी सर्वांना सांगतो.

दुसरी गोष्ट पावसाची. जून ते सप्टेंबर त्या भागात पाऊस कोसळतो आणि नेमक्या त्याच काळात घर बंद राहते. एका श्रावणात आम्ही सात आठवड्यांनी गेलो. दरवाजा फुगून चौकटीत इतका घट्ट बसला होता की मी खांदा लावला तेव्हा तो उघडला. आत शिरताच कुबट वास आला. गादीच्या खालच्या बाजूला हिरवट-काळी बुरशी आली होती, कपाटातल्या चादरींना ओलसर चिकटपणा होता आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून ओट्यापर्यंत वाळवीने मातीची बोटभर जाड रेघ ओढलेली होती. मुलीने तिथे ठेवलेली चित्रांची वही त्या रेघेच्या मार्गात होती. तिची पाने हातात घेताच भुगा झाली. तो शनिवार-रविवार आम्ही दोघांनी फडके, फिनेल आणि चुन्याच्या बादलीत घालवला आणि रविवारी रात्री पाठ धरून नेरूळला परतलो. विश्रांतीसाठी घेतलेल्या घराने त्या दिवशी आमची आठवडाभराची विश्रांती घेतली.

तिसरी गोष्ट मात्र घर घेण्याआधी प्रत्येकाला तपासता येईल अशी आहे. एका शनिवारी रात्री नऊ वाजता मी गॅलरीत उभा राहून संकुलातले दिवे मोजले. ८४ घरांपैकी ९ घरांत दिवे होते. बाकीच्या घरांचे मालक आमच्यासारखेच ठाण्या-मुंबईत होते आणि त्यांतले कित्येक वर्गणी थकवून बसले होते. लिफ्टची दुरुस्ती, पंपाची मोटर, पहारेकऱ्याचा पगार, सगळ्याचा भार नियमित भरणाऱ्यांवर पडत गेला आणि शेवटी लिफ्ट बंदच ठेवावी लागली. आईला तीन जिने चढवेनात, आणि आमच्या भेटी कमी होण्याचे तेही एक कारण झाले.

विकताना गिऱ्हाईक मिळायला १४ महिने लागले. २४ लाखांचे घर २७ लाखांना गेले. व्याज, वर्गणी आणि रंगरंगोटी धरली तर त्यातून काय उरले, ते वेगळे सांगत नाही. तेथे घालवलेल्या पहिल्या दोन पावसाळ्यांबद्दल मात्र मला आजही कृतज्ञता वाटते, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

खारघरची_वाट

दादा, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटले, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण आमचे दुसरे घर चौदा वर्षे सुखाने चालू आहे.

आमची अलिबागजवळ नागावला बारा गुंठ्यांची वाडी आणि तीन खोल्यांचे कौलारू घर आहे. सासरचे मूळ पेणकडचे शेतकरी असल्यामुळे जमीन घेण्यात कायद्याची अडचण आली नाही. आम्ही वर्षाला साठ-सत्तर रात्री तेथे काढतो. ते जमते याचे कारण माझ्या मते एकच आहे: तेथे आम्हाला काम असते. नारळ उतरवायचे असतात, सुपारी सोलायची असते, पाटाचे पाणी फिरवायचे असते. नुसते बसायला माणूस किती दिवस जाईल? कामाला मात्र जावेच लागते, आणि एकदा गेले की बसणेही होते.

आणि तेथे माणूस आहे. गावातलेच एक जोडपे वाडी आणि घर सांभाळते. त्यांना महिना नऊ हजार रुपये, शिवाय राहायला खोली आणि वाडीतले उत्पन्न वाटून, अशी व्यवस्था आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा टाळेबंदीमुळे आम्ही खारघरला अडकलो होतो. त्या दुपारी आमच्या साठ सुपाऱ्यांपैकी शेहेचाळीस आणि नऊ माड पडले, पडवीचे पत्रे शेजारच्या विहिरीपर्यंत उडाले आणि वीज यायला तीन आठवडे लागले. त्या दोघांनी आदल्या रात्री भांडीकुंडी आणि कागदपत्रे मधल्या खोलीत हलवली होती, आणि वादळानंतर पुढचा पाऊस लागायच्या आत ताडपत्री बांधली. ते नसते तर भिंती वाचल्या नसत्या. सुपारी पुन्हा लावली, आणि तिला धरायला पाच-सहा वर्षे लागतात, त्यामुळे मोठ्या तुटीतून आम्ही आत्ता कुठे बाहेर येत आहोत.

तेव्हा घर पाहायला जाल तेव्हा किमतीच्या आधी तेथे आपल्या माघारी कोण असणार, ते विचारा. घराचा विमाही काढा. वादळ, पूर आणि दरड यांचे संरक्षण त्यात असते, फक्त घर सलग बंद राहण्याविषयीची अट नीट वाचून घ्या.

बेलापूर_टेकडी

मी जमिनीच्या व्यवहारांची कागदपत्रे तपासण्याचे काम करते. नेरळच्या सदनिकेवर सर्वांनी चांगले लिहिले आहे. मी टोकावड्याच्या पाच गुंठ्यांविषयी लिहिते, कारण त्यात १४ लाख अडकण्याचा धोका मला स्पष्ट दिसतो.

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. कूळ कायद्याच्या कलम ६३ मध्ये तसा निर्बंध आहे. आपल्या नावावर राज्यात कोठेही सातबारा नसेल, तर हा व्यवहार येथेच थांबतो. जमीन बिगरशेती झालेली असेल तर प्रश्न वेगळा. तेव्हा बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन मागा, आणि तोंडी ‘एनए होणारच आहे’ या शब्दांवर एक रुपयाही देऊ नका.

सातबारा असला तरी दुसरी अडचण तुकडेबंदीची, म्हणजे शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे करण्यावरील बंदीची, आहे. शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र २०२३ पासून जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे. अलीकडे दिलेल्या सवलती नागरी किंवा नियोजनात रहिवासी दाखवलेल्या पट्ट्यांसाठी आहेत, डोंगरपायथ्याच्या शेतासाठी नाहीत. म्हणून विकणारे लोक आठ-दहा अनोळखी गिऱ्हाइकांची नावे एकाच गटाच्या सातबाऱ्यावर सामाईक चढवतात आणि जागेवर चुन्याने रेघा मारून देतात. कागदावर तुमचे पाच गुंठे कोठेच वेगळे दिसत नाहीत. उद्या बांधायला, विकायला किंवा कर्ज काढायला बाकी सर्वांच्या सह्या लागतात. शिवाय शेतघर बांधायचे तर धारण क्षेत्र किमान ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर, असावे लागते. एक एकर म्हणजे ४० गुंठे. पाच गुंठ्यांवर शेतघराची परवानगी कशी मिळेल, ते विकणाऱ्याने लेखी द्यावे.

तिसरी तपासणी मुरबाड, शहापूर, कर्जत आणि जव्हार या भागांत कधीही टाळू नये. सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना आणि जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) पाहा. जमीन मुळात आदिवासी खातेदाराची असेल, तर ती बिगरआदिवासी व्यक्तीकडे जाण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि ती नसताना झालेला व्यवहार वर्षांनंतरही उलटतो. त्यात मूळ मालकावर झालेला अन्यायही असतो, हे विसरता येत नाही. भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असा शेरा असेल तरीही परवानगीशिवाय पुढे जाऊ नये.

नवीन प्लॉटिंगचा प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल, तर त्याची महारेरात (अशा प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात) नोंदणी असली पाहिजे. आणि नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. पहिल्या दोन भेटींत हे दोन प्रश्न विचारले, तरी समोरच्या माणसाचा पुष्कळ अंदाज येतो.

उपवनकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद पत्नीला मोठ्याने वाचून दाखवला आणि टोकावड्याचा विषय त्याच संध्याकाळी बंद केला. विकणाऱ्याकडे बिगरशेतीचा आदेश मागितला होता; त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.

सीवूड्सच्या दादांच्या सांगण्याप्रमाणे गेल्या बारा महिन्यांचे कॅलेंडर काढून शनिवार मोजले. लग्ने, मुंजी, मुलाच्या चाचण्या, पत्नीच्या कार्यालयातले वर्षअखेरचे काम आणि आईच्या डॉक्टरांच्या वेळा वगळल्यावर मोकळे शनिवार सतरा उरले. मी मनाशी पस्तीस धरून चाललो होतो.

तरीही नेरळ मनातून जात नाही. दलाल म्हणतो की पनवेल–कर्जत उपनगरी मार्ग आणि नवी मुंबई विमानतळ यांमुळे भाव वाढणारच.

कोपरीकर

विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. रेल्वेमार्गाची चर्चा तर त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. जी गोष्ट दलालाला ठाऊक आहे ती विकणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि ४५ लाखांत तिची किंमत आधीच धरलेली असते. भाव वाढावा म्हणून घ्यायचे असेल, तर तो गुंतवणुकीचा निर्णय होईल आणि मग सुट्टीच्या घराशी त्याची सरमिसळ करू नये. गुंतवणूक म्हणून पाहिले तर बंद राहणाऱ्या एका बेडरूमच्या घरापेक्षा राहत्या घराचे कर्ज लवकर फेडणे तुमच्या वयात मला जास्त शहाणपणाचे वाटते. सेवानिवृत्तीच्या वेळी तुमचे वय ६० धरले, तर १५ वर्षांचा हप्ता त्यानंतरही दोन वर्षे चालेल.

वाघबीळ

एक साधा प्रश्न. आपले गाव कोणते, आणि गावी घर नाही का?

उपवनकाठ

हा प्रश्न कोणीतरी विचारणार, याची जाणीव होती आणि थोडी भीतीही होती.

गाव संगमेश्वर तालुक्यात आहे. घर आहे. जांभ्या चिऱ्याचे, चार खोल्या आणि मोठी पडवी असलेले, आजोबांनी बांधलेले. आजी असेपर्यंत ते रोज सारवले जात होते. ती गेल्यापासून गणपतीत आठ दिवस आणि शिमग्यात चार दिवस उघडते. सातबाऱ्यावर वडिलांच्या पश्चात आईचे, माझे आणि तीन काकांकडच्या मिळून अकरा जणांची नावे आहेत. दोन वासे कुजले आहेत, कौले दरवर्षी फुटतात, आणि खर्च कोणी करायचा यावर दरवर्षी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी बोलणे होते आणि गौरी जाईपर्यंत ते विरून जाते. शनिवारी जाऊन रविवारी येण्याइतके गाव जवळ नाही, आणि भावकीत पैसा घातला तर तो कोणाच्या नावे, हाही प्रश्न आहे. म्हणून नेरळ.

आईला मात्र मी नेरळचे फोटो दाखवले तेव्हा तिने ते नीट पाहिले आणि विचारले, ‘तिथली विहीर कुठे आहे?’ त्यानंतर त्या विषयावर ती काही बोलली नाही.

बेलापूर_टेकडी

याचा एक अर्थ असा की आपण शेतकरी खातेदार आहात, त्यामुळे कलम ६३ ची अडचण आपल्याला नाही. टोकावड्याच्या बाकीच्या अडचणी मात्र तशाच राहतात.

घराविषयी असे की सगळ्या मिळकतीची वाटणी झाल्याशिवाय एकही खोली दुरुस्त करता येत नाही, असे नाही. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा (घरपट्टीच्या नोंदीचा) काढा आणि घर कोणाच्या नावे लागले आहे ते पाहा. मग सर्व सहहिस्सेदारांचा एक साधा लेख करा. कोणत्या खोल्यांची दुरुस्ती कोण करतो, त्याचा खर्च किती, पुढे वाटणी झाली तर त्या खोल्या त्याच्या हिश्शात धरायच्या की खर्च परत द्यायचा, आणि गणपतीत घर सर्वांचे राहील, हे त्यात लिहा. सर्वांच्या सह्या आणि दोन साक्षीदार घ्या. हा लेख म्हणजे वाटणीपत्र नव्हे. कायमची वाटणी करायची तेव्हा वाटणीपत्र नोंदवावेच लागेल. पण भावकीतल्या बहुतेक घरांत भांडण पैशापेक्षा न लिहिलेल्या शब्दांवरून होते, असे मी कामात पाहिले आहे.

सीवूड्स_निवासी

नेरळ मनातून जात नसेल तर ते घर विकत न घेता यंदाचा पावसाळा तेथे भाड्याने काढून पाहा. अशा संकुलांत बंद घरे भरपूर असतात. मालक चार महिन्यांसाठी द्यायला तयार होतात, कारण घर उघडे राहिलेले त्यांनाही हवे असते. उन्हाळ्यात किंवा दिवाळीत राहून काही कळत नाही. जुलै पाहा.

खारघरची_वाट

याला माझे अनुमोदन. आणि आईंना पहिल्याच फेरीत घेऊन जा.

उपवनकाठ (दसऱ्यानंतर)

चार महिन्यांनी लिहितो आहे. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना पुढे काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

त्याच संकुलात एक घर जून ते सप्टेंबर लिव्ह अँड लायसन्सवर घेतले. महिना ११ हजार, अनामत २० हजार, जी पूर्ण परत मिळाली. चार महिन्यांत आम्ही तेथे नऊ रात्री राहिलो. भाड्याचे ४४ हजार धरले, तर एका रात्रीला ४,८८९ रुपये पडले. सतरा मोकळ्या शनिवारांचा हिशेब करणाऱ्या माणसाच्या हातून पावसाळ्यात नऊ रात्री झाल्या हे मला आधी कमी वाटले, पण पत्नीने लक्षात आणून दिले की तीन वेळा आम्ही बॅग भरून ठेवली होती आणि मुसळधार पावसामुळे लोकल बंद पडल्याने निघता आले नाही.

त्या नऊ रात्री सुंदर होत्या, हे मला स्पष्टपणे लिहायचे आहे. एका पहाटे माथेरानच्या डोंगरावरून एका वेळी सात धबधबे दिसत होते आणि मुलगा, जो एरवी फोनमधून डोके वर काढत नाही, तासभर गॅलरीत उभा होता. ही ओढ खोटी नव्हती. मात्र दिवे मी मोजले. जुलैतल्या एका शनिवारी आमच्या इमारतीत ४० पैकी ६ घरे उघडी होती. ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांच्या खंडानंतर गेलो, तेव्हा उशांना तोच वास होता ज्याचे वर्णन दादांनी केले होते. ते घर आपले असते, तर तो वास चार महिने आपला झाला असता. विकत घेण्याचा विचार सोडला. पुढच्या पावसाळ्यासाठी त्याच मालकाशी पुन्हा बोललो आहे.

गणपतीत गावी गेलो तेव्हा ताईंनी सांगितलेला मसुदा छापून नेला होता. धाकट्या काकांनी तो दोनदा वाचला आणि त्यात एक वाक्य स्वतःच्या हाताने वाढवले: विहिरीचा वापर सर्वांचा. मोठ्या काकांचा मुलगा पुण्याहून फोनवर होता. त्याला शंका होत्या, आणि त्या रास्त होत्या, कारण तो स्वतः खर्च करू शकत नाही आणि उद्या हिस्सा जाईल अशी त्याला धास्ती होती. पुढे वाटणी झाल्यास माझा खर्च पाच वर्षांनंतर दरवर्षी दहा टक्क्यांनी कमी धरावा, या तोडग्यावर तो तयार झाला. अकरांपैकी नऊ सह्या झाल्या आहेत, दोन टपालाने यायच्या आहेत.

मागच्या दोन खोल्या आणि न्हाणीघर दुरुस्तीला घेतले आहे. गवंड्याने ६ लाख २० हजारांचा अंदाज दिला आहे. त्यात नवे वासे, शौचालय, विजेची नवीन जोडणी आणि पडवीला जाळी येते. उरलेल्या रकमेतून राहत्या घराच्या कर्जाचे सहा लाख मुदतीआधी भरले. शेजारच्या काकी दर शनिवारी खोल्या उघडून दोन तास हवा लावतील आणि त्याचे महिना दीड हजार रुपये घेतील. त्या आधी पैसे घ्यायला तयार नव्हत्या, आईने समजूत घातली. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, त्यामुळे नाताळाच्या तिकिटांसाठी तारखेवर लक्ष ठेवून आहे.

एक प्रश्न उरला आहे, आणि तो येथेच विचारतो. गवंडी म्हणतो की कौले काढून रंगीत पत्रे घाला, खर्च कमी आणि माकडांचा त्रास नाही. आई म्हणते की पत्र्याखाली पावसाचा आवाज सहन होत नाही आणि मे महिन्यात झोप लागत नाही. कौलांखाली पत्रा घालून वरून कौले पुन्हा बसवण्याची पद्धत कोणी केली असेल, तर वाशांचे अंतर किती ठेवले आणि वाळवीसाठी लाकडाला काय लावले, ते कृपया लिहावे. सुतार दिवाळीनंतर येणार आहे.

खारघरची_वाट

निसर्ग वादळानंतर आम्ही तसेच केले आहे. खाली पत्रा, त्यावर लोखंडी पट्ट्या आणि वर जुनीच मंगलोरी कौले. आवाज जवळजवळ येत नाही आणि गळतीही थांबली. माकडांनी फोडलेली कौले मात्र वर्षातून एकदा बदलावी लागतात, म्हणून शंभरएक जुनी कौले पडवीत रचून ठेवा. त्या मापाची नंतर मिळत नाहीत. वाशांचे अंतर उद्या वाडीत मोजून कळवते.